आधी एकच प्रवासी टाकून पाहा

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी इंदूरच्या आमच्या रामबागेतल्या शेजारच्या काकू मोबाइल हातात घेऊन आल्या. पुण्याला नातवाची मुंज ठरली होती, घरातून चौघांना जायचे होते, आणि रेल्वेची लांबलचक प्रतीक्षायादी पाहून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच विमानाचा विचार केला होता. "सकाळी चार हजार दिसत होते, आता सव्वापाच दाखवतंय. हे लोक आपल्याला फसवतात का रे?" असा त्यांचा रोकडा प्रश्न होता. या प्रश्नाचे उत्तर देता देता तासभर गेला. तोच तास थोडा विस्ताराने येथे मांडतो आहे, कारण इंदूरहून पुण्या-मुंबईला ये-जा करणाऱ्या बऱ्याच मराठी घरांत विमानाचे तिकीट अजूनही कोणीतरी "जाणकार" पुतण्याच काढून देतो.

फसवणूक नव्हती. एका विमानातल्या सगळ्या जागा एकाच दराने विकल्या जात नाहीत, एवढे एक लक्षात आले की बाकीचे कोडे आपोआप सुटते. साधारण १८० आसनांच्या विमानातल्या काही थोड्या जागा सर्वांत खालच्या दराला ठेवलेल्या असतात, त्या संपल्या की वरचा दर लागू होतो, तो गट संपला की त्याच्याही वरचा. तारीख जवळ येत जाते तसे कंपनी खालचे दर बंदही करते, कारण आयत्या वेळी प्रवास करणाऱ्याला जाणे भागच असते. सकाळी आणि संध्याकाळी दिसलेल्या भाड्यांतला फरक म्हणजे बहुधा दुपारी कोणीतरी घेतलेल्या दोन-चार जागा.

मात्र काकूंच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती नवख्या माणसाला सहसा कोणी सांगत नाही. सकाळी त्यांनी नुसती चौकशी म्हणून एका प्रवाशाचे भाडे पाहिले होते, संध्याकाळी मात्र चौघांचे. चार प्रवासी टाकले की संगणक चारही जागा एकत्र मिळतील असा दर शोधतो. खालच्या दराच्या दोनच जागा उरल्या असतील, तर त्या दोन स्वस्तात आणि उरलेल्या दोन महाग, असे तो सहसा करीत नाही. चौघांनाही वरचाच दर लावतो. मी त्यांच्यासमोरच एक प्रवासी टाकला, भाडे ४,१२० रुपये आले. दोन टाकले, तेव्हाही ४,१२०. तीन टाकताच आकडा ५,३४० वर गेला. म्हणजे स्वस्त जागा दोनच होत्या. आम्ही दोन तिकिटे एकदा काढली आणि उरलेली दोन लगेच दुसऱ्यांदा, आणि एका फेरीत २,४४० रुपये वाचले. यात एक गैरसोय आहे, ती आधीच सांगतो. दोन वेगवेगळे पीएनआर होतात, त्यामुळे उड्डाणाची वेळ बदलली किंवा उड्डाण रद्द झाले तर कंपनीच्या लेखी ही दोन स्वतंत्र कुटुंबे असतात. म्हातारी माणसे किंवा लहान मुले एकटी पडणार नाहीत अशी जोडी लावावी. आम्ही काकांबरोबर सुनेला ठेवले.

ब्राउझरची खासगी (इन्कॉग्निटो) खिडकी उघडून शोधले की भाडे कमी दिसते, मंगळवारी रात्री तिकिटे स्वस्त होतात, असे उपाय सर्रास सांगितले जातात. मला त्यांचा गुण कधी आला नाही. तिकीट कोणत्या वारी काढता यापेक्षा प्रवास कोणत्या वारी करता याला महत्त्व आहे. शुक्रवार संध्याकाळ आणि रविवार रात्र टाळली, भल्या पहाटेचे किंवा भर दुपारचे उड्डाण चालत असले, तर फरक डोळ्यांनी दिसतो. गूगल फ्लाइट्स किंवा स्कायस्कॅनरवर पूर्ण महिन्याचे भाडे तारखांच्या चौकटीत दिसते, तेथून सुरुवात करावी. तारीख पक्की असेल पण घाई नसेल, तर गूगल फ्लाइट्सवर भाड्यावर नजर ठेवण्याची सोय आहे. दर बदलला की ईमेल येतो. सर्वसाधारण दिवसांसाठी मी महिना-दीड महिना आधी तिकीट काढतो. दिवाळी, उन्हाळ्याची सुटी आणि लग्नसराईसाठी मात्र तारीख ठरली की थांबू नये. शेवटच्या आठवड्यात भाडे कोसळेल या आशेवर बसणे म्हणजे निव्वळ जुगार आहे.

आता पडद्यावरच्या पहिल्या आकड्याविषयी. आपल्याकडे स्वस्त विमानसेवेची सुरुवात २००३ मध्ये कॅप्टन गोपीनाथ यांच्या एअर डेक्कनने केली, आणि पुढे तिने एक रुपयाच्या तिकिटांची जाहिरातही केली. त्या रुपयावर कर आणि शुल्क वेगळे पडत. २००६ मध्ये इंडिगो आली आणि हा धंदा स्थिरावला. एअर डेक्कन टिकली नाही, तिची पद्धत मात्र सर्वांनी उचलली. ती पद्धत अशी, की भाडे फक्त आसनाचे. जेवण, हवी ती जागा, जादा सामान या सर्वांचे पैसे निराळे. म्हणून तुलना करताना पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जावे आणि तेथील एकूण रक्कम वहीत लिहावी. तिकिटे विकणाऱ्या मध्यस्थांच्या संकेतस्थळावर भाडे शंभर रुपयांनी कमी दिसते आणि शेवटी सुविधा शुल्क तीनशे-चारशे लागते, हे मी कितीदा तरी पाहिले आहे. मधल्या पानांवर विमा, देणगी किंवा "निश्चिंत प्रवास" अशा नावाच्या चौकटीत आधीच खूण केलेली असू शकते. ती काढून टाकावी. माझी रीत अशी, की शोध सर्वत्र घ्यायचा आणि तिकीट शक्यतो विमान कंपनीच्याच संकेतस्थळावर काढायचे. एखाद्या बँकेच्या कार्डावर घसघशीत सवलत असेल तरच अपवाद. तिकीट रद्द करण्याची वेळ आली की मधल्या दलालाचे वेगळे शुल्क पडते आणि दोन ठिकाणी फोन करावे लागतात, तो ताप नको.

आसन निवडण्याचा आग्रह हाही असाच. आसनांचा नकाशा समोर आला की पैसे दिल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही असे वाटते, पण तेथे ते पान ओलांडण्याची सोय बारीक अक्षरांत असते. वेब चेक-इनच्या वेळी, म्हणजे उड्डाणाआधी ऑनलाइन बोर्डिंग पास काढताना, कंपनी उरलेल्यांतली एखादी जागा फुकट देते. दीड तासाच्या प्रवासात मधल्या आसनावर बसल्याने काही बिघडत नाही.

एकूण हिशेबात दारापासून दारापर्यंतचा खर्चही धरावा लागतो. इंदूरला हे सुख आहे. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ गावाला लागूनच आहे. पलीकडच्या टोकाला मात्र जपावे. नवी मुंबईच्या विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून उड्डाणे सुरू झाली, त्यामुळे "मुंबई" म्हणून शोधताना आपण नेमके कोठे उतरणार हे वाचूनच पैसे भरावेत. पनवेलला जाणाऱ्याला जे सोयीचे, ते बोरिवलीला जाणाऱ्याला पाचशे रुपयांच्या बचतीसाठी हजाराची टॅक्सी करायला लावील. गोव्याचेही तसेच, दाबोळी दक्षिणेकडे आणि मोपा उत्तरेच्या टोकाला, आणि दोन्हींच्या नावांत गोवा आहेच.

दोन वेगळी तिकिटे स्वतः जोडून पैसे वाचवण्याचा मोह नवख्याने तरी टाळावा. मी स्वतः इंदूर–दिल्ली एका कंपनीचे आणि दिल्ली–गुवाहाटी दुसऱ्या कंपनीचे तिकीट काढून अठराशे रुपये वाचवले होते. पहिले विमान अडीच तास उशिरा पोहोचले, दुसरे निघून गेले, आणि काउंटरवरच्या मुलाने अत्यंत नम्रपणे सांगितले की तिकिटे वेगळी असल्याने आम्ही काही करू शकत नाही. नियमाने त्याचे बरोबरच होते. नवे तिकीट त्याच दिवशीच्या दराने घ्यावे लागले आणि तो दर येथे लिहिण्याची इच्छा नाही. त्यातून एक कामाची गोष्ट मात्र कळली. तिकीट "परतावा नाही" या प्रकारचे असले, किंवा आपण विमानच चुकवले, तरी विमानतळ वापर शुल्कासारखी वैधानिक शुल्के परत मिळण्याचा प्रवाशाला हक्क असतो. ते मागावे लागते. मी मागितले आणि थोडे पैसे आले.

नाव भरताना आधार कार्ड शेजारी ठेवावे. आपल्याकडे माहेरचे नाव, सासरचे नाव आणि मधले नाव यांचा घोळ घरोघरी असतो. काकूंच्या सुनेचे घरातले नाव एक आणि आधारवरचे दुसरे. सवयीने तेच घरचे नाव भरले जात होते. नावातली चूक नंतर दुरुस्त करून घेणे कटकटीचे ठरू शकते, आणि तिकीट दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीच.

राहिले सामान. देशांतर्गत उड्डाणात सर्वसाधारणपणे १५ किलो चेक-इन बॅगेत, म्हणजे काउंटरवर सोपवायच्या बॅगेत, आणि ७ किलो हातात, आणि त्यावरच्या प्रत्येक किलोचे पैसे विमानतळावर अगदी जड हाताने घेतले जातात. इंदूरचा माणूस शेव-नमकीन घेतल्याशिवाय गाव सोडत नाही, तेव्हा वजन घरीच करावे. निघण्याच्या आदल्या रात्री काकूंच्या बॅगेला आम्ही हातातला वजनकाटा लावला, तर १६ किलो ८०० ग्रॅम. उघडून पाहिले. लोणच्याची बरणी होती, ती राहू दिली, कारण हातातल्या बॅगेतून लोणचे नेण्याची पंचाईत होते. तळाशी मुंजीसाठी सुक्या खोबऱ्याच्या वाट्यांची पिशवी होती. सुके खोबरे चेक-इन बॅगेत चालत नाही; त्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकते, म्हणून २०२२ पासून त्याला मनाई आहे. काकूंचा विश्वास बसेना. "अरे, पूजेचं खोबरं आहे ते, बाँब का आहे?" असे पुटपुटत त्यांनी पिशवी काढून डब्यात ठेवली, मग थोडा विचार करून शेवेचे एक पाकीटही काढले आणि ते माझ्या हातात दिले. काटा १४ किलो ६०० ग्रॅमवर आला.