तुम्ही विचारलंत म्हणून : बॅले कंपनीत परत का नाही गेले

"एवढं गाजलं, कंपनीने पुन्हा बोलावलं, आणि तू नाही म्हणालीस? का?" मी स्ट्रीट डान्सर, आणि एका बॅले कंपनीच्या डान्सरांवर मी एक पीस, म्हणजे एक नाच, बसवला होता, त्याबद्दल हा प्रश्न. वर्कशॉप संपला की विचारतात, जॅममध्ये, म्हणजे आम्ही नाचायला जमतो तिथे, बाटलीतलं पाणी पिताना विचारतात, आणि गंमत म्हणजे उत्तर त्यांचं ठरलेलं असतं. स्ट्रीटवाल्यांना वाटतं तिकडे मला कमी लेखलं असणार. बॅलेवाल्यांना वाटतं मला झेपलं नाही. दोन्ही नाही हो.

कमी लेखण्याचं आधी संपवून टाकते. कोणीही लेखलं नाही. कंपनीतली ती पोरं सकाळी क्लास करायची, मग दुसऱ्याच कुठल्यातरी बॅलेची रिहर्सल, मग माझे दीड तास, आणि रात्री शो, म्हणजे माझ्याकडे यायची तेव्हा पॉइंट शूज, ते अंगठ्यांच्या टोकावर उभं राहायचे कडक बूट, काढून टेप लावलेली बोटं तशीच स्नीकर्समध्ये कोंबलेली असायची. तरी कोणी कुरकुरलं नाही. पहिल्या दिवशी एकीने विचारलं, हा बाउन्स, गुडघ्यातला हा हलका झोका, कितव्या काउंटवर, म्हणजे कितव्या ठोक्यावर? मी म्हटलं कुठल्याच नाही, तो सगळ्या काउंटच्या खाली चालू असतो. तिने ते वहीत लिहून घेतलं! लहानपणापासून त्यांना शिकवलेलं असतं की वजन वर ओढायचं, कष्ट दिसू द्यायचे नाहीत, आणि पॉपिंगमध्ये, माझ्या नाचात, तर स्नायूचा झटका दिसला नाही तर उरतं काय? तीन आठवडे नुसते गुडघे सैल करण्यात गेले. एक मुलगा एकदम कडक हिट, म्हणजे तो झटका, मारायचा आणि लगेच सवयीने पाय बॅलेच्या फिफ्थ पोझिशनला, एकापुढे एक चिकटवून, मिटायचा, शेवटी मी ते तसंच ठेवलं.

आणि "बॅलेत पहिल्यांदाच असं काही" हे जे माझ्याबद्दल छापून आलं ते साफ खोटंय. अमेरिकन कोरिओग्राफर ट्वायला थार्पने १९७३ मध्ये जॉफ्री बॅले या कंपनीवर 'ड्यूस कूप' केलं, बीच बॉइजच्या गाण्यांवर, स्वतःचे डान्सर आणि कंपनीचे डान्सर एकत्र, आणि मागे पोरं स्टेजवरच ग्राफिटी रंगवतायत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये डीजे कूल हर्कची ती पार्टी झाली, जिथून आम्ही सगळे हिपहॉपचा वाढदिवस मोजतो. म्हणजे बॅलेच्या दारात रस्ता हिपहॉपच्या आधीच जाऊन उभा होता. मी काही नवं केलेलं नाही. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण स्तुती चालू असताना कोण मध्ये बोलतं.

आता खरी गोष्ट. ती त्या चाळीस सेकंदांची आहे.

माझा एक मित्र आहे, पॉपर, माझ्या कितीतरी आधीपासून नाचतोय, मी त्याच्याकडे बघून उभं राहायला शिकले म्हटलं तरी चालेल. पीसच्या मध्यावर सगळे थांबतात, लाइट एका वर्तुळात येतो आणि तो एकटा फ्रीस्टाइल करतो, चाळीस सेकंद, रोज वेगळं. कंपनी दर वेळी ड्रेस रिहर्सलचं शूटिंग करते, रेकॉर्डसाठी. त्या दिवशी फ्लोअर गुळगुळीत होता, त्याचा डावा पाय सटकला, त्याने हाताने तोल धरला आणि त्या हातातूनच वेव्ह, अंगातून लाट सरकावी तशी, काढून खांद्यावर नेली. आम्ही विंगमध्ये ओरडलो. नंतरच्या एकाही शोमध्ये त्याने ते पुन्हा केलं नाही, करणारही नव्हता.

पुढच्या वर्षी त्यांनी पीस परत लावला. मेल आला की बजेट नाही, गेस्ट डान्सर बोलावता येणार नाही, तो भाग कंपनीतलंच कोणीतरी करेल. मी उत्तर पाठवलं, "ओके." तेवढंच. दुसरीकडे काम चालू होतं, मी शेवटचे दोनच दिवस गेले, तेही लाइट बघण्यात, आणि तो भाग "मार्क" करून, म्हणजे पूर्ण न नाचता नुसत्या खुणेने, पुढे नेला तेव्हा मी डोकं वर केलं नाही. दोन तिकिटं मिळाली होती. दुसरं मी त्यालाच दिलं. मला वाटलं त्याला बरं वाटेल.

लाइट वर्तुळात आला. ती मुलगी आली, वहीत लिहून घेणारी. तिने त्याचा खांदा काढला, त्याची मान काढली, तो टोपी खाली ओढतो तसा हात कपाळाशी नेला, डोक्यावर टोपी नसताना. मला कळलं की हे फ्रीस्टाइल नाहीये, व्हिडिओ आहे. आणि माझ्या पोटात गोळा आला कारण पुढे काय येणार ते आता मला माहीत होतं. तिचा डावा पाय सटकला. बरोब्बर त्याच जागी. हात खाली, वेव्ह, खांदा. लोकांनी श्वास रोखला आणि मग टाळ्या. त्या घसरण्याला आता काउंट होता, मी नंतर विचारलं, सहा.

मी त्याच्याकडे बघितलं नाही. मध्यंतरात तो म्हणाला, "घसरलेला पायपण उचलला गं." मग प्रोग्रॅम मागितला, उघडला, बघितला आणि मला परत दिला. कोरिओग्राफी, माझं नाव. त्याचं नाव आदल्या वर्षी गेस्ट डान्सर म्हणून होतं, आता कुठेच नव्हतं.

आमच्यात दुसऱ्याची मूव्ह उचलली की त्याला बाइट करणं म्हणतात आणि सायफरमध्ये, म्हणजे गोल करून एकेक जण मध्ये नाचतो तिथे, तोंडावर सांगतात, तू बायटर आहेस. यापेक्षा वाईट शिवी नाही. आणि शो झाल्यावर ती मुलगी चमकत्या डोळ्यांनी त्याच्याकडे आली, म्हणाली मी तुमचा व्हिडिओ इतक्या वेळा बघितला, एकही गोष्ट सोडली नाही. तिच्या घरात याला मान देणं म्हणतात. कोरिओग्राफर इवानोवने १८९५ मध्ये 'स्वान लेक' बॅलेत हात गुंफून नाचवलेल्या चार छोट्या हंसिणी आजही तशाच हात गुंफून नाचतात त्या या मानामुळेच, एका अंगातून दुसऱ्या अंगात, बोटभरही इकडेतिकडे न करता. तिला काय बोलणार? तो थॅंक यू म्हणाला.

मी कित्येक महिने कंपनीवर चिडून होते. मग कधीतरी माझीच ती "ओके" आठवली. करारावर सही माझी, दर शोचे पैसे मला, आणि त्यातले चाळीस सेकंद मी केलेलेच नाहीत, मी फक्त जागा रिकामी ठेवली होती. आता तुम्ही म्हणाल जागा ठेवणं हीपण कोरिओग्राफी आहे. मीही तेच म्हणायचे. त्याला म्हणून बघा.

आणि वर, थार्पनेसुद्धा १९७५ मध्ये 'ड्यूस कूप'ची दुसरी आवृत्ती केली ती फक्त जॉफ्रीच्या डान्सरांवर. हे मला आधी माहीत होतं. माहीत असून मी ओके लिहिलं.

कधी कधी उलटंही वाटतं. लॉकिंग, हालचाल मध्येच गोठवायची ती आमची स्टाइल, आलं कुठून? डॉन कॅम्पबेलला एक स्टेप धड जमत नव्हती, मध्येच अडकायचा, पोरं हसली, त्याने ते अडकणंच ठेवलं, आणि आज जगभर लोक ती अडचण काउंटवर शिकतात, मीपण शिकवते, फी घेऊन. मग त्या मुलीने काय वेगळं केलं? यावर माझ्याकडे उत्तर नाही, आणि रात्री दोन वाजता तर अजिबातच नसतं.

तर त्यानंतर कंपनीने पुन्हा बोलावलं तेव्हा मी अट घातली, चाळीस सेकंद मोकळे सोडा, जो आत जाईल तो त्या रात्री सुचेल ते करेल. ते म्हणाले लाइटचे क्यू, म्हणजे लाइट बदलायच्या खुणा, काउंटला बांधलेत, जमणार नाही. खरंच बांधलेत, मीच बांधले होते. मी म्हटलं मग नको.

हे मी मित्राला मोठ्या अभिमानाने सांगितलं. तो बूट बांधत होता. म्हणाला, "मला एकदा विचारायचंस तरी. नाव घालायला लावून हो म्हणाली असतीस तर पैसे मलापण मिळाले असते."

मग म्युझिक लागलं आणि तो आत गेला.