मार्चअखेरचे एक देयक

मराठवाड्यातील एका विद्यापीठाच्या वित्त विभागात संशोधन प्रकल्पांच्या अनुदानाचे लेखे मी पाहतो. मार्चअखेरीस उपयोगिता प्रमाणपत्रांची घाई चालू असताना भूशास्त्र विभागाच्या भूजल प्रकल्पाचे एक देयक माझ्या टेबलावर आले. पाटोदा आणि आष्टी तालुक्यांतील विहिरी व बोअरच्या पाण्याची तपासणी करणाऱ्या या प्रकल्पासाठी संख्याशास्त्राच्या एका सहायक प्राध्यापक मॅडमनी नमुना-निवडीची आखणी केली होती, सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून नोंदी घेतल्या होत्या आणि पुढचे सगळे विश्लेषणही केले होते. देयक त्यांच्या मानधनाचे होते. खर्च अनुदानाच्या 'आकस्मिक' या खर्च-शीर्षाखाली टाकावा, अशी प्रमुख अन्वेषक (प्रकल्पप्रमुख) सरांची टिपणी होती.

मंजुरी आदेशात नियमित वेतन घेणाऱ्या प्राध्यापकाला अनुदानातून रक्कम देण्याची तरतूद नव्हती. आकस्मिक खर्चात स्टेशनरी, झेरॉक्स, नमुन्यांची ने-आण बसते. मानधन तिथे घुसवले की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली अखेर त्याच प्राध्यापकाच्या पगारातून होते. शिवाय केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांतील 'जीएफआर 12-अ' या उपयोगिता प्रमाणपत्राच्या नमुन्यात, रक्कम मंजूर कारणासाठीच खर्च झाली, असे विद्यापीठाला लिहून द्यावे लागते. मी देयक अमान्य करण्याची टिपणी लिहिली.

दुपारी मॅडम स्वतः आल्या. त्यांनी हातातले लांबट रजिस्टर उघडून पुढे ठेवले. तारीख, गाव, विहिरीचा क्रमांक, पाण्याची पातळी, पोहोचल्याची आणि निघाल्याची वेळ अशा रकान्यांत निळ्या पेनाने भरलेली पाने होती. काही पानांवर ग्रामसेवकांच्या सह्याही होत्या. इतकी चोख नोंद पगारी प्रकल्प सहायकांकडूनही क्वचितच येते. त्या म्हणाल्या, "सर, पैसे नाही मिळाले तरी चालेल, पण हे काम माझ्या नावावर कुठेतरी लागलं पाहिजे."

त्यांचे म्हणणे मला पूर्ण रास्त वाटले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या विनियमांप्रमाणे सहायक प्राध्यापकाला आठवड्याला 16 तास प्रत्यक्ष अध्यापन असते. ते सगळे सांभाळून दुसऱ्या विभागासाठी केलेले हे काम कार्यभाराच्या तक्त्यात कुठेच दिसत नव्हते. त्याच प्रकल्पाच्या कार्यशाळेत एका दिवसासाठी आलेल्या बाहेरच्या तज्ज्ञांना मात्र रीतसर मानधन मिळाले होते.

अमेरिकेत सरकारी अनुदानाच्या खर्चाचे नियम याबाबत अधिक स्पष्ट आहेत. विद्यापीठातल्या विद्यापीठात दिलेला सल्ला हा नोकरीचाच भाग, जादा मोबदला नाही, हे तिथेही मूळ तत्त्व आहे; परंतु काम दुसऱ्या विभागासाठी असेल, नेहमीच्या कार्यभाराव्यतिरिक्त असेल आणि अनुदानाच्या करारात तशी तरतूद किंवा अनुदान देणाऱ्या संस्थेची लेखी मान्यता असेल, तर अपवाद म्हणून मोबदला देता येतो. मॅडमचे काम पहिल्या दोन्ही कसोट्यांना उतरणारे होते. तरतूद वा मान्यता यांपैकी मात्र आमच्या संचिकेत काहीच नव्हते.

मी टिपणी बदलली नाही, पण तिच्याखाली आणखी एक परिच्छेद लिहिला. अनुदान संस्थेकडे शीर्षबदलासाठी पत्र पाठवावे, आणि यापुढे दुसऱ्या विभागातील प्राध्यापकाची मदत लागणार असेल तर प्रस्ताव पाठवतानाच त्याचे तास, त्याच्या विभागप्रमुखांची संमती आणि मोबदला की कार्यभारात सवलत, हे लेखी ठरवावे, असे त्यात सुचवले. वित्त व लेखा अधिकाऱ्यांनी दोन्ही सूचनांवर सही केली.

काम होऊन गेल्यानंतर मान्यता देता येत नाही, असे संस्थेचे उत्तर आले आणि मॅडमना त्या कामाचे पैसे मिळाले नाहीत. त्यांच्यावर हा अन्याय झाला, असे माझे स्पष्ट मत आहे. भूशास्त्र विभागाच्या पुढच्या प्रस्तावात त्यांचे नाव सह-अन्वेषक म्हणून आले. सोबत आठवड्याचे चार तास कार्यभारातून वजा करण्याचे, त्यांच्या विभागप्रमुखांच्या सहीचे पत्र जोडलेले होते. तो प्रस्ताव मी त्याच दिवशी पुढे पाठवला.