दिवाडीच्या गडग्यातली डबी

जुन्या गोव्यात व्हॉइसरॉयच्या कमानीखालून पुढे गेले की मांडवीचा धक्का लागतो आणि तेथून दिवाडी बेटावर जाणारी फेरीबोट मिळते. या बोटीतून जाणारे पर्यटक बहुधा पियेदादच्या टेकडीवरचे चर्च पाहायला निघालेले असतात. आम्ही निघालो होतो ती कोणीतरी लपवून ठेवलेली एक डबी शोधायला. मी फोंड्याचा, सोबत सावंतवाडीहून आलेली माझी मावसबहीण आणि तिचा शाळकरी मुलगा होता. त्याला जिओकॅशिंगचे वेड लागले आहे आणि ते मीच लावले, अशी त्याच्या आईची कायमची तक्रार आहे.

खेळ सांगायला सोपा आहे. एकाने डबी लपवायची, तिचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर द्यायचे आणि इतरांनी जीपीएसच्या आधाराने ती शोधून आतल्या नोंदवहीत सही करायची. मे २००० च्या आरंभी अमेरिकी सरकारने नागरी जीपीएस संकेतांत मुद्दाम मिसळलेली त्रुटी बंद केली. तोवर शंभरेक मीटर चुकणारी यंत्रे एका रात्रीत नेमकी झाली. लगेच, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातल्या रानात एक बादली ठेवून तिचे स्थान इंटरनेटवर जाहीर केले आणि थोड्याच दिवसांत माइक टीग यांनी ती शोधून काढली. आज जगभर अशा तीस लाखांहून अधिक जागा नोंदलेल्या आहेत.

बोटीची वाट पाहताना भाच्याने विचारले, “मामा, इथे कमानीतच एखादी डबी का नाही ठेवत कोणी?” प्रश्न रास्त होता. जुन्या गोव्यातील चर्चे १९८६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत आणि संरक्षित वास्तूच्या भिंतीत काही खुपसणे कायद्यात बसत नाही, तसे खेळाच्या नियमांतही बसत नाही. अशा ठिकाणी जाणकार लोक ‘मल्टी’ प्रकाराचा आधार घेतात. शोधणाऱ्याने दगडावर कोरलेले साल किंवा फलकावरचा आकडा वाचायचा, त्यावरून बेरीज-वजाबाकी करून पुढचे स्थान काढायचे, आणि प्रत्यक्ष डबी दूर कोठेतरी, जागेच्या मालकाला विचारून ठेवलेली असते. वास्तूला हात लागत नाही आणि एरवी ज्या शिलालेखापुढून माणूस न थांबता गेला असता, तो त्याला वाचावा लागतो.

बेटावर उतरल्यावर खाजण शेतांमधल्या रस्त्याने चालू लागलो. नकाशा मी घरूनच फोनमध्ये उतरवून घेतला होता, कारण नेटवर्कवर भिस्त ठेवून निघणे मला पटत नाही. पिशवीत फोनसाठी पॉवर बँक, पेन, बारीक चिमटा, विजेरी आणि छोटा आरसा होता. लहान डब्यांत पेन मावत नाही म्हणून ते आपले आपण न्यायचे असते. चिमटा लागतो तो गुंडाळी करून कोंबलेली कागदाची पट्टी ओढून काढायला. विजेरी आणि आरसा मात्र गोव्यात चैनीच्या वस्तू नव्हेत. जांभ्याच्या गडग्यातील, म्हणजे दगडी कुंपणातील, फटींत साप-विंचू असतात, म्हणून आधी पाहावे आणि मगच हात घालावा. ज्यांच्याकडे परदेशी मित्र येणार असतील त्यांनी आणखी एक गोष्ट त्यांच्या कानावर घालावी: साधे हातातले जीपीएस यंत्र वेगळे आणि उपग्रहामार्फत निरोप पाठवणारे यंत्र वेगळे. दुसऱ्या प्रकारचे यंत्र परवान्यावाचून भारतात आणणे गुन्हा आहे आणि गोव्याच्या विमानतळावर त्यापायी प्रवाशांवर कारवाई झालेली आहे.

ज्या वाड्यावर आम्ही पोहोचलो त्याचे नाव येथे लिहीत नाही. लपवलेल्याची जागा उघड करू नये, हा या छंदातला पहिला शिष्टाचार आहे. स्थान अंश आणि मिनिटांत, मिनिटाच्या सहस्रांशापर्यंत दिलेले असते. उत्तर-दक्षिण दिशेने असा एक सहस्रांश म्हणजे सुमारे १.८५ मीटर. पण उघड्या आभाळाखालीही फोन तीन-चार मीटर चुकतो आणि फणस-आंब्याच्या दाट सावलीत त्याहून जास्त. म्हणून बाण थांबला की फोन खिशात ठेवावा आणि ‘लपवणारा मी असतो तर कुठे ठेवली असती’, असा विचार करीत फिरावे. आम्ही एका लांबलचक गडग्यापाशी तेच करीत होतो. आधीच्या शोधकांपैकी अनेकांनी ‘सापडली नाही’ अशी नोंद केली होती. अशी नोंद करायला पुष्कळजण लाजतात; वास्तविक डबी हरवल्याची शंका मालकाला येते ती याच नोंदींवरून.

तेवढ्यात समोरच्या घराच्या सोप्यावरून हाक आली, “कितें सोदता रे बाबा?”

खेळाच्या पाश्चात्त्य शिकवणीनुसार अशा वेळी बुटाची नाडी बांधल्याचे किंवा फोनवर बोलत असल्याचे सोंग घ्यायचे असते. जे खेळत नाहीत त्यांना ‘मगल’ म्हणतात आणि त्यांच्या नजरेस काही पडू द्यायचे नाही, असा दंडक आहे. मोठ्या शहरातल्या उद्यानात तो ठीक असेल. गोव्याच्या वाड्यावर तो चालत नाही, असे माझे ठाम मत आहे. इथे परका माणूस पाऊल टाकतो तेव्हाच चार खिडक्यांतून दिसलेला असतो, आणि दुसऱ्याच्या गडग्यात हात घालून वर सोंग करणारा माणूस चोरच वाटणार. मी सरळ फोन दाखवला आणि कोकणीतून सारे समजावून सांगितले.

तुळशीवृंदावनाला वळसा घालून आजी बाहेर आल्या आणि हसल्या. डबी त्यांना ठाऊक होती. गडग्याचा एक भाग पावसात कोसळला होता. तो बांधायला गडी आले तेव्हा त्यांना ती दगडांत सापडली आणि ते फेकून देणार होते. आजींनी आतले कागद आणि सह्या पाहिल्या, ‘कोणाचे तरी कामाचे असेल’ म्हणून डबी घरात ठेवली आणि काम संपल्यावर पुन्हा गडग्यात सरकवली, पण दुसऱ्या टोकाला. म्हणूनच शोधणारे हात हलवत परत जात होते. डबी ठेवणाऱ्याने त्यांना कधी विचारले नव्हते. खेळाचे नियम जागामालकाची परवानगी मागतात, त्याच्या स्पष्ट परवानगीवाचून खड्डा खणायला मनाई करतात, दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर ठेवायला सांगतात आणि सुट्टीवर आलेल्या पाहुण्याने देखभालीची सोय न करता डबी ठेवून जाऊ नये, असेही बजावतात. यांपैकी अंतर तेवढे संगणक मोजतो. बाकीचे बरेचसे ठेवणाऱ्याच्या नीतीवर सोडलेले असते.

भाच्याने डबी उघडली. रबरी कडेचे झाकण असूनही आत ओल शिरली होती. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. त्यापुढे साध्या डब्याचा आणि साध्या कागदाचा निभाव लागत नाही. आम्ही सही केली. त्याने आतली एक गोटी घेतली आणि तिच्या बदल्यात एक छोटे भिंग ठेवले, कारण घेतल्याहून कमी मोलाचे ठेवू नये असा प्रघात आहे. खाऊ मात्र कधीच ठेवायचा नसतो; वासाने मुंग्या आणि उंदीर येतात. डबी जिथे मिळाली तिथेच परत ठेवली. अधिक चांगली जागा दिसली तरी ती आपण बदलायची नसते.

परतल्यावर मी सविस्तर नोंद केली, डबी किती सरकली ते कळवले आणि देखभालीची गरज असल्याची खूण केली. डबीच्या मालकाचे उत्तर आले: तो नोकरीनिमित्त गोवा सोडून गेला होता आणि डबी माझ्या नावावर करून द्यायला तयार होता. संकेतस्थळावर तशी रीतसर सोय आहे. होकार कळवण्यापूर्वी मी पुन्हा दिवाडीला जाऊन आजींना विचारले. त्यांची हरकत नव्हती, फक्त जूनपासून पाऊस ओसरेपर्यंत डबी आपल्या घरात राहील, अशी त्यांनी अट घातली. तेवढा काळ ती ‘तात्पुरती बंद’ दाखवता येते. पण मुदत नेहमीपेक्षा लांबणार असल्याने संकेतस्थळाच्या परीक्षकाला, म्हणजे डब्यांच्या नोंदी तपासणाऱ्याला, आधीच कळवावे लागेल. ते पत्र मी लिहून ठेवले आहे, आणि नव्या नोंदवहीसाठी पाण्यात न विरघळणारा कागद मागवला आहे.