निवेदनाची पोच

डिसेंबरातल्या त्या सोमवारी सकाळच्या सत्राचा शेवटचा तास संपल्यावर आम्ही तासिका तत्त्वावरील, म्हणजे घेतलेल्या तासांपुरतेच मानधन मिळणारे, शिक्षक प्राचार्यांच्या दालनाबाहेर एकत्र जमलो, तेव्हा शिपायाने आश्चर्याने विचारले, "मॅडम, आज तुमचीपण मीटिंग आहे का?" त्याचे आश्चर्य रास्त होते. आमच्यापैकी कोणी दुपारी कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, कोणी खासगी शिकवणी घेतो, तर कोणी पुढच्या गावची एसटी गाठतो. त्यामुळे आम्ही सर्व जण एका जागी कधी दिसतच नाही.

मी इतिहास शिकवते. आमच्या अनुदानित महाविद्यालयात निवृत्त झालेल्या प्राध्यापकांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत आणि त्यांचे तास आमच्यात वाटले गेले. कायम सहाय्यक प्राध्यापकाला आठवड्याला सोळा तासांचा कार्यभार असतो, तर आम्हाला जास्तीत जास्त नऊ तास मिळतात. पदवी स्तरावर तासाला ९०० रुपये, हा २०२२ मध्ये वाढलेला दर धरला, तर पूर्ण भरलेल्या महिन्यात बत्तीस हजारांच्या आसपास हिशेब होतो. परंतु दिवाळीची सुट्टी, परीक्षा, स्नेहसंमेलन या काळात तास नाही म्हणून मानधनही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्येच अतिथी अध्यापकांसाठी तासाला १५०० आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये सुचवले होते, हे आम्हाला ठाऊक होते. तरीही आम्ही दरवाढ मागितली नाही, कारण दर शासन ठरवते. महाविद्यालयाच्या हातात आहे तेवढेच मागायचे, हे आम्ही विचारपूर्वक ठरवले होते.

मागण्या तीन होत्या : मानधनाची देयके दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडे जावीत, नेमणुकीचे पत्र सत्राच्या सुरुवातीलाच मिळावे आणि अनुभव प्रमाणपत्रात प्रत्यक्ष काम केल्याच्या तारखा असाव्यात. यांतली पहिली सर्वांत तातडीची होती. आमच्या देयकात तारीख, वर्ग आणि घेतलेला घटक अशी तासागणिक नोंद असते व त्यावर विभागप्रमुखांची सही लागते. सर्व विभागांची देयके गोळा झाल्याशिवाय कार्यालय एकही पुढे पाठवत नसे. एका विभागाची सही अडली, की सगळ्यांचे मानधन अडे. जुलैत घेतलेल्या तासांचे पैसे डिसेंबर उजाडला तरी आले नव्हते.

प्राचार्यांनी निवेदन शांतपणे वाचले आणि संस्थेच्या सचिवांना फोन केला. सचिव थोड्याच वेळात आले. त्यांनी मागण्यांबद्दल एक शब्दही न विचारता सांगितले, "एकेकाने आत या. प्रत्येकाची अडचण वेगळी असते." हे वाक्य वरवर आस्थेचे वाटते, पण त्या दिवशीचा सगळा प्रश्न त्यातच होता. बंद दाराआड एकट्या माणसाला पुढच्या जूनची फेरनेमणुकीची मुलाखत आठवते. रसायनशास्त्राचे आमचे ज्येष्ठ सहकारी म्हणाले, "साहेब, निवेदन सगळ्यांचं आहे, तेव्हा उत्तरही सगळ्यांना मिळावं." कोणीही जागचे हलले नाही.

मग सचिवांनी नेमणुकीच्या वेळी आम्ही दिलेल्या हमीपत्रांची आठवण करून दिली. कायम सेवेवर हक्क सांगणार नाही, असे त्यात लिहिलेले असते. "तुम्ही इथले कर्मचारी नाही, तर संघटना कसली करता?" असे त्यांनी विचारले. कामगार न्यायालयाचा मार्ग आम्हाला मोकळा नाही, हे खरेच आहे. गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्यातील कामगार नव्हे, असा निर्णय दिला आहे. परंतु संघटना करण्याचा अधिकार संविधानाच्या एकोणिसाव्या अनुच्छेदाने नागरिकाला दिलेला आहे आणि कोणतेही हमीपत्र तो काढून घेऊ शकत नाही. हे मी बोलले तेव्हा माझा आवाज थोडा कापत होता, पण मी वाक्य पूर्ण केले.

आवक विभागातील लिपिकाने साहेबांच्या परवानगीशिवाय निवेदनावर पोचेचा शिक्का मारता येणार नाही, असे सांगितले. आम्ही म्हणालो, मग निवेदन पोस्टाने पाठवू आणि त्याची प्रत सहसंचालक व कुलगुरूंनाही देऊ. त्यावर प्राचार्यांनीच बाहेर येऊन "घ्या आवकला" असे सांगितले. ते स्वतः प्रभारी आहेत आणि संस्थेच्या मर्जीविरुद्ध त्यांना फारसे काही करता येत नाही. तरीही त्या क्षणी त्यांनी योग्य ते केले, याची नोंद मला करावीशी वाटते.

त्याच आठवड्यात साचलेली सर्व देयके सहसंचालक कार्यालयाकडे गेली. इतक्या महिन्यांत जे होत नव्हते ते काही दिवसांत झाले, म्हणजे अडचण कागदांची कधीच नव्हती. मात्र दुसऱ्या सत्राचे वेळापत्रक लागले तेव्हा रसायनशास्त्राच्या सरांचे आणि माझे तास नवावरून सहावर आले होते. कारण विचारल्यावर "कार्यभाराची फेररचना" एवढेच तोंडी उत्तर मिळाले.

आम्ही दुसरे निवेदन दिले. त्यावर पहिल्यापेक्षा दोन सह्या कमी होत्या. त्या दोघांनी आधी भेटून तसे सांगितले होते आणि त्यांना कोणी दोष दिला नाही. विषयवार कार्यभाराचा तक्ता आम्ही आता माहितीच्या अधिकाराखाली मागितला आहे. उत्तरासाठी असलेली तीस दिवसांची मुदत अद्याप संपलेली नाही.