कॅमेऱ्याची बॅग, सोलापुरी भरणा

बॅगेत काय असावं याच्या तयार याद्या वाचल्या की त्यात रेनकव्हर वरच्या नंबरावर आणि हातमोजे फार तर चौथ्या-पाचव्या. सोलापुरात हातमोजे स्कूटीवरच्या मुली घालतात, आणि तेही उन्हासाठी. आपल्याकडे कॅमेऱ्याचे वैरी दोनच, धूळ आणि ऊन. पावसाचं काय, तो आला तर भाद्रपदात येतो, नाही तर नाही. म्हणून चंपाषष्ठीपासून बॅग याच हिशेबानं नव्यानं लावायला घेतली. कॅमेरा एक, लेन्स दोन (साधी झूम आणि लांबचं जवळ आणणारी १५०-६०० मिलिमीटरची टेली), यात बदल नाही. बाकीच्या किडूकमिडूक सामानातलं काय टिकलं आणि काय कपाटात गेलं, ते इथं मांडतो.

बाळे, चंपाषष्ठी

खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळला की फोटो सोन्याचे होतात, पण कॅमेराही पिवळा होतो. हळदीची पूड साध्या धुळीपेक्षा चिवट. ती झूम रिंगच्या फटीत जाते, फ्लॅशच्या खाचेत बसते, डायलच्या खाली शिरते, आणि ओल लागली की डाग धरते. इथं सगळ्यात कामाला आलं ते शंभर-दीडशे रुपयांचं सामान.

पहिला रबरी ब्लोअर. घेताना मागच्या टोकाला हवा आत घेणारी वेगळी झडप आहे का, ते बघून घ्या. झडप नसेल तर तो पुढच्या नळीतूनच हवा ओढतो, म्हणजे लेन्सवरची हळद पोटात घेऊन पुन्हा लेन्सवरच फुंकतो. आणि ब्लोअर बॅगेच्या बाहेरच्या जाळीत कधीच ठेवू नका. झाकलेल्या पिशवीत ठेवा, नाही तर नळीच्या टोकावर रस्त्याची धूळ बसते आणि पहिला फुंकर तिचाच. डब्यातली दाबलेली हवा मी वापरत नाही. डबा तिरका झाला तर आतला द्रव काचेवर उडतो. तोंडानं फुंकण्याबद्दल काय बोलायचं, थुंकी उडतेच.

साफ करायचा क्रम ठरून गेला आहे. कॅमेऱ्याचं तोंड खाली, आधी ब्लोअर, मग मऊ ब्रश, आणि सगळी पूड गेल्याची खात्री पटली की मायक्रोफायबर. ओलं कापड आधी फिरवलंत तर लेन्सला हळद लागलीच समजा. ब्रश मी मेकअपचा घेतला, बकरीच्या केसांचा, कोरा. फक्त त्याच्या केसांना बोट लावायचं नाही, बोटाचं तेल थेट काचेवर जातं.

अंगावर चढवायला कॅमेऱ्याची महागडी कव्हरं मिळतात. मी जाड पारदर्शक पिशवी घेतो, लेन्सच्या हूडपुरतं (ऊन अडवणारी पुढची कडी) भोक पाडतो आणि हूडवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा काप चढवतो. पुढं साधा यूव्ही फिल्टर, म्हणजे लेन्सवर चढवायची पारदर्शक काच. एरवी यूव्ही फिल्टरवर माझा विश्वास नाही, पण बाळ्यात तो हवाच. लेन्स तिथं बदलायचीच नाही, निघताना जी लावली ती घरी येईपर्यंत.

ट्यूबच्या या कापांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आता बॅगेत सगळ्यात जास्त हात त्यांनाच लागतो. पंक्चरवाल्याकडे फाटकी ट्यूब मागा, बहुतेक फुकट देतो. कात्रीनं बोटभर रुंदीचे काप करा. चार्ज केलेल्या बॅटरीला एक काप, वापरलेल्या बॅटरीला काही नाही. अंधारातही हाताला कळतं. ट्रायपॉडच्या पायाला टॉर्च बांधायला एक. आणि फिल्टर लेन्सवर घट्ट बसला, जो उन्हात हमखास बसतो, तर फिल्टरच्या कडेभोवती काप चढवून सगळ्या बोटांनी हलक्या हातानं फिरवायचा. चिमटीत दाबला तर कडी किंचित लंबगोल होते आणि फिल्टर आणखीच आवळतो. फिल्टर काढायचं प्लॅस्टिकचं पकडही मिळतं, मी ते घेतलेलं नाही.

गड्डा

गड्डा म्हणजे जानेवारीतली सिद्धेश्वराची यात्रा. तिच्यातल्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत गर्दी इतकी की ट्रायपॉड उघडायचा प्रश्नच नाही. तिथं खिशात दोन बॅटऱ्या आणि मेमरी कार्डांची डबी, बॅग घरी. बाराबंदीचे पांढरे कपडे आणि जानेवारीचं स्वच्छ ऊन, कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि पांढरं राखाडी करून टाकतं. एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वर घ्यायचं (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड), की काम झालं. त्यासाठी ग्रे कार्ड (उजेड मोजायचा राखाडी पुठ्ठा) काढत बसायला गर्दी थांबत नाही.

कार्डांचं सांगतो. डबीत भरलेलं कार्ड पालथं, रिकामं उताणं. व्हिडिओ घेणार असाल तर कार्डावर व्ही३० लिहिलेलं बघा. त्याचा अर्थ लिहिण्याचा वेग सेकंदाला ३० मेगाबाइटच्या खाली जाणार नाही. मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वाचण्याचा असतो, त्याला भुलू नका.

होम मैदानावरच्या शोभेच्या दारूकामाला मात्र बॅग लागते. ट्रायपॉड, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता शटर दाबायची वायर), डोक्याला लावायचा टॉर्च (लाल उजेडाचा असला तर शेजारच्यांच्या शिव्या वाचतात) आणि काळा पुठ्ठा. पुठ्ठा ही या सगळ्यातली खरी युक्ती. आयएसओ १००, एफ/११, शटर बल्बवर (दाबून धरू तोवर उघडं राहतं) उघडं ठेवायचं आणि लेन्सपुढं पुठ्ठा धरायचा. आकाशात फुटलं की पुठ्ठा बाजूला, विझलं की पुन्हा पुढं. एका फ्रेममध्ये तीन-चार वेगळी फुलं येतात आणि मधला धूर येत नाही. पुठ्ठा लेन्सला टेकवायचा नाही, नाही तर हलतं. लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याला काळा कागद चिकटवला, झालं. ट्रायपॉडवर असताना लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय) बंद. ट्रायपॉडच्या तिन्ही पायांना खालून वितभर पांढरी टेप मारली आहे; अंधारात लोक निदान पाहून तरी लाथ मारतात.

४ आणि ५ मिलिमीटरची एलन की इथंच उपयोगी पडली. ट्रायपॉडच्या प्लेटचा स्क्रू सैल झाला की कॅमेरा मान टाकतो. स्क्रू पाव इंची असतो, पण त्याच्या डोक्याला कुठली की लागते हे प्लेटप्रमाणे बदलतं, तेव्हा आपली प्लेट हातात घेऊनच की विकत घ्या. हार्डवेअरच्या दुकानात दहा-वीस रुपयांत मिळते, कॅमेऱ्याच्या दुकानात तिलाच 'टूल' म्हणतात आणि तशी किंमत लावतात.

नान्नज

माळढोक अभयारण्य १९७९ पासूनचं, पण माळढोकाच्या आशेवर मी जात नाही. काळवीट आहेत, नशीब असेल तर लांडगा, आणि हिवाळ्यात माळावर अगदी खालून तरंगत जाणारे भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षी. मार्डीकडच्या रस्त्याच्या कडेला गाडी लावायची, इंजिन बंद करायचं आणि खिडकीतून बघत बसायचं. गाडीतून उतरलात तर काळवीट पळतो. गाडीला तो घाबरत नाही, माणसाला घाबरतो. त्यामुळे ट्रायपॉड डिकीत झोपून राहतो आणि टेली लेन्सला टेकू लागतो तो बीनबॅगचा.

तयार बीनबॅगा थर्मोकोलच्या मण्यांच्या येतात. हलक्या असतात, पण लेन्स ठेवली की सरकतात आणि खिडकीच्या काचेवर कर्र कर्र वाजतात. म्हणून शिंप्याकडून करून घेतली. आतली पिशवी मांजरपाटाची, बाहेरची जुन्या सोलापुरी चादरीची, दोन्हींना चेन. चादरीचं जाड विणकाम काचेवर घसरत नाही. आकार घोड्यावरच्या खोगिराचा, दोन कप्पे मध्ये जोडलेले, एक दाराच्या आत लोंबतो आणि एक बाहेर. शिंपी म्हणाला, "ह्यात ज्वारी भरणार? मग शिवायला कशाला आणलंत, पोतंच घ्या की." ऐकून घेतलं.

आत काय भरावं यावर बरंच करून पाहिलं. चुरमुरे दबतात. तांदूळ चालतो, पण पिठूळ धूळ सोडतो. राजमा मोठा पडतो, लेन्स नीट बसत नाही. ज्वारी सगळ्यात बरी. दाणा गोल, हातानं खळगा केला की तसाच राहतो आणि लेन्स त्यात रुतून बसते. मालदांडी जातीची मिळाली म्हणून तीच घेतली, दीड-दोन किलो पुरते. काठोकाठ भरायची नाही, तिसरा हिस्सा रिकामा ठेवायचा. कीड लागू नये म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला टाकायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी ज्वारी उन्हात घालायची. आईचं म्हणणं, पाखरांचे फोटो काढायला ज्वारी नेतोस, त्यापेक्षा त्यांनाच घाल.

मार्चनंतर एक गोष्ट लक्षात ठेवा. दहा वाजून गेले की माळावरची तापलेली हवा थरथरते आणि लांबचा काळवीट पाण्याखाली असल्यासारखा येतो. त्यावर कुठलीही ॲक्सेसरी नाही. घरी जा.

कुडल

हत्तरसंग-कुडलला भीमा-सीनेच्या संगमावरचं देऊळ आणि शके ९४० चा, म्हणजे इ. स. १०१८ चा मराठी शिलालेख बघायला गेलो होतो. झिजलेली अक्षरं समोरून फ्लॅश मारला तर सपाट होतात, दगड फक्त उजळतो. छोटा एलईडी टॉर्च बाजूनं, दगडाला जवळजवळ चिकटवून धरला की प्रत्येक खोबणीत सावली पडते आणि 'वाछि तो विजेया होईवा' (वाचील तो विजयी होईल) उठून दिसतं. उजेड कडक वाटला तर टॉर्चवर पांढरा रुमाल. टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून असा फिरवत तीन-चार फोटो घ्या. एका बाजूनं जी रेघ दिसत नाही ती दुसऱ्या बाजूनं दिसते. दगडाला पाणी, खडू, पावडर काही लावायचं नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

हरिहरेश्वराच्या देवळात ३५९ मुखांचं शिवलिंग आहे. तिथं गाडीच्या काचेला उन्हापासून लावायचा चंदेरी पडदा रिफ्लेक्टर म्हणून चालला. दारातून येणाऱ्या उन्हात धरला की आतला काळोख मऊ होतो. तो गाडीत असतोच, बॅगेत जागा खात नाही.

वैशाख

बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात ० ते ४० अंशांपर्यंत वापरा असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा त्याच्या वर जातो. काळी बॉडी आणि काळी लेन्स, उन्हात ठेवली तर हात लावता येत नाही. यावर सोलापूरचाच इलाज, टेरीचा पांढरा मोठा नॅपकिन. दोन शॉटच्या मध्ये कॅमेऱ्यावर टाकायचा. घाम पुसायलाही तोच; म्हणून दोन ठेवा आणि अदलाबदल होऊ देऊ नका. बॅटऱ्या बंद गाडीत ठेवायच्या नाहीत, उष्णतेनं त्यांचं आयुष्य घटतं.

पोलरायझर, म्हणजे चकाकी मारणारा आणि आकाश गडद करणारा फिल्टर, याच काळात बॅगेतून बाहेर काढला. सूर्यापासून काटकोनात आकाश तो सगळ्यात गडद करतो, पण वैशाखातलं आपलं आकाश धुळीनं पांढुरकं असतं, गडद काय होणार! उजेड मात्र एक-दोन स्टॉप जातो. दसऱ्याच्या आसपास आकाश धुतलेलं असतं तेव्हा पुन्हा बॅगेत. सिद्धेश्वर तलावात देवळाचं प्रतिबिंब हवं असेल तर तेव्हाही काढून ठेवा, कारण पाण्यावरची चकाकी मारताना तो प्रतिबिंबच मारतो.

ओल शोषणारं सिलिका जेलही सध्या कपाटात. कोरड्या उन्हाळ्यात त्याला काम नाही. पावसाळ्यात बॅगेत टाकताना रंग बदलणारं घ्या. निळं असेल तर गुलाबी झालं की, नारिंगी असेल तर हिरवं झालं की भरलं समजायचं आणि तापवून सुकवायचं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवणाऱ्यांनी निदान तो पिशवीत गुंडाळून ठेवावा.

पुढचं काम

आषाढीला पंढरपूर. तिथं धूळ, पाऊस आणि गर्दी तिन्ही एकदम, म्हणून खांद्यावरची बॅग सोडून कमरेला बांधायची छोटी पिशवी करून बघतोय, त्याच शिंप्याकडे. यंदा चादरीऐवजी ताडपत्रीचं कापड दिलंय. छत्री हातात धरून कॅमेरा चालवता येत नाही, तेव्हा छत्रीचा दांडा पाठीला अडकवायची काही सोय कुणी केली असेल तर पट्टा कुठून कुठं घेतला ते कळवा. भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) बघायला रेल्वेनं जाणाऱ्यांसाठी एक सोय आधीच झाली आहे: बीनबॅग रिकामी घडी करून न्यायची, ज्वारी तिथंच किराणा दुकानात घ्यायची, आणि परतताना ती नावाड्याच्या घरी देऊन यायची.