आंभोऱ्याच्या पाण्यावर शिडाची होडी

१९८८ साली पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाचं पाणी मागे सरकत सरकत नागपूर-भंडारा सीमेवरच्या आंभोऱ्यापर्यंत आलंय. चैतन्येश्वराच्या टेकडीवरून पाहिलं की वैनगंगा कुठली अन् कन्हान कुठली, ते ओळखू येत नाही. याच पाण्यावर फेब्रुवारीत मी पहिल्यांदा शिडाची होडी चालवली. मित्राने जुनी ‘लेझर’ आणली होती. सव्वाचार मीटर लांब, एका माणसापुरती.

होडी पाण्यात घालायच्या आधी आम्ही दोन तास काठावरच होतो. मला त्या दोन तासांबद्दलच जास्त सांगायचंय.

मित्राने आधी मान वर करून विजेच्या तारा बघायला लावल्या. डोलकाठी अ‍ॅल्युमिनियमची, उंची सहा मीटरच्या आसपास. तारेला टेकली तर संपलंच. मग होडीचं तोंड वाऱ्याकडे केलं. होडी वाऱ्याला आडवी असली तर शीड काठावरच वारा धरतं आणि बूम, म्हणजे शिडाखालची आडवी काठी, डोक्यात बसते. काठीचे दोन नळ एकमेकांत घातले, त्यांवर शिडाची बाही सदऱ्यासारखी चढवली, काठी खोबणीत उभी केली आणि दोरीने होडीला जखडली. हे जखडणं राहिलं आणि होडी पुरती पालथी झाली, तर काठी खोबणीतून निसटून जाते. मागचं बूच त्याने दोनदा चाचपलं. शिडाच्या मुख्य दोराच्या शेवटी इंग्रजी आठासारखी गाठ मारायला शिकवलं. कितीही ताण आला तरी ही गाठ कप्पीतून जात नाही, आणि भिजली तरी नखाने सुटते.

डोंग्यात बसून एक ढिवर काका हे सगळं पाहत होते. "धरणाच्या आधीची झाडं खाली उभीच हायेत बाप्पा," ते म्हणाले, "काठाकाठानं नको जाऊ. अन् डबे तरंगताना दिसले का समज, जाळं हाय." आमच्या होडीच्या पोटातून एक लांब फळी पाण्यात उतरते. ती खुंटात अडकली असती, तर मला कारणसुद्धा कळलं नसतं. नव्या पाण्यावर जायच्या आधी तिथल्या मासेमाराला विचारावंच.

पहिला अर्धा तास छान गेला. मग दोन टेकड्यांच्या मधून वाऱ्याचा झोत आला. दोर निसटू नये म्हणून मी तो तळहाताला गुंडाळून घेतला होता. शीड ढिलं करायला हात सुटेना आणि होडी आडवी झाली. पाण्यात पडलो. लाइफ जॅकेटने लगेच वर आणलं, पण दोर हातावर करकचून आवळला होता. काका आणि मित्र डोंगा घेऊन जवळच होते. "होडी सोडू नको!" मित्र ओरडला. दोर सोडवून मोकळा केला, पोहत पलीकडे गेलो आणि त्या फळीवर सगळा भार टाकला. हळूहळू शीड पाण्याबाहेर आलं. दोर ताणलेलाच राहिला असता, तर शिडात पुन्हा वारा भरून होडी परत कलंडली असती.

दुपारी पुन्हा तसाच झोत आला. या वेळी दोर नुसता मुठीत होता. मूठ उघडली, शीड फडफडायला लागलं आणि होडी आपोआप सरळ झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावर पोहोचलो, तेव्हा काका डोंगा घेऊन आधीच पाण्यात उभे होते.