हेडसेट चढवण्याआधी वही उघडा

जकार्ड (भोकं पाडलेल्या पत्त्यांवरून मागावर नक्षी विणणारी यंत्रणा) कसं चालतं हे मुलांना दाखवायचं तर सोलापुरात माग शोधत फिरावं लागत नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी विणणारे माग आहेतच. अडचण एवढीच की चालत्या मागात सुई आणि हुक नेमकं काय करतात ते डोळ्यांना टिपता येत नाही. व्हीआर, म्हणजे हेडसेट घालून पाहायचं आभासी दृश्य, कामाला येतं ते इथे. मात्र ३६० अंशांच्या व्हिडिओत कारखान्याची शेड दिसते, यंत्राचं पोट दिसत नाही. त्यासाठी थांबवता येणारं त्रिमितीय मॉडेलच हवं.

तरीही मुलं 'लई भारी' म्हणत हेडसेट काढतात आणि धागा का उचलला गेला हे विचारलं की गप्प बसतात. डोकं एका वेळी थोडंच पेलतं. बटणं, मान फिरवणं, मागाचा खडखडाट यांतच ते खर्ची पडलं तर जकार्डसाठी उरतं काय? पॅरोंग आणि मेयर या संशोधकांच्या २०१८च्या अभ्यासात रक्तप्रवाहाचा धडा काहींनी हेडसेटमधून घेतला, काहींनी साध्या स्लाइड्सवरून. गोडी हेडसेटवाल्यांना जास्त वाटली, चाचणीत मात्र स्लाइडवाले पुढे गेले. दुसऱ्या प्रयोगात हेडसेटवाल्यांनी प्रत्येक भागानंतर थांबून सारांश लिहिला, तेव्हा त्यांचं शिकणं सुधारलं.

थक्क होणं म्हणजे कुतूहल नव्हे. थोडं कळलंय आणि मधलंच काहीतरी निसटतंय असं जाणवलं की कुतूहल चाळवतं. संशोधक जॉर्ज लोवेनस्टाईन यांनी १९९४ साली हेच मांडलं. म्हणून आधी दहा मिनिटं फळ्यावर घालवा. ताणा (उभे धागे), बाणा (आडवा धागा), पत्ता (भोकं पाडलेला पुठ्ठा), सुई, हुक एवढी पाच नावं पक्की करा आणि विचारा: पत्त्याला या जागी भोक नसेल तर हा धागा वर जाईल की खालीच राहील? उत्तर वहीत लिहून घ्या. चुकलं तरी चालेल, कोरं नको. भोक असेल तर सुई आरपार जाते, हुक जागेवर राहतो, उचलणारी पट्टी त्याला वर नेते आणि सोबत ताण्याचा धागा जातो. भोक नसेल तर सुई मागे ढकलली जाते आणि हुक पट्टीवरून सुटतो. हे त्यांनी आत शोधायचं, आपण आधी सांगायचं नाही.

आत चार-पाच मिनिटं पुरेत. बाहेर आल्यावर तीन ओळी आणि एक आकृती, आठवेल तशी. शेवटी किती डोकं लागलं ते १ ते ९मध्ये लिहायला सांगा; संशोधक फ्रेड पास यांची ही मोजपट्टी १९९२ची आहे. आठ आणि उत्तर बरोबर असेल तर श्रम सार्थकी लागले. आठ आणि उत्तर चूक असेल तर बहुधा बटणांनी खाल्लं. हातातल्या कंट्रोलरचा सराव वेगळा, रिकाम्या दृश्यात करून घ्या. दोन आणि चूक म्हणजे पोरानं नुसता सिनेमा पाहिला.

चित्र धूसर असेल तर आधी भिंगांमधलं अंतर बघा. क्वेस्ट २ या हेडसेटवर ५८, ६३ आणि ६८ मिलिमीटर अशा तीनच जागा आहेत. पुठ्ठ्याच्या व्ह्यूअरमध्ये फोन घालणार असाल तर फोनमध्ये जायरोस्कोप (वळणं ओळखणारा सेन्सर) आहे ना, हे खरेदीआधीच तपासा. स्वस्त फोनमध्ये तो बऱ्याचदा नसतो आणि मान फिरवली तरी चित्र नीट फिरत नाही. एप्रिल-मेमध्ये फोन तापून मंदावतो, चित्र मानेच्या मागे पडतं आणि मळमळ सुरू होते. अशा वेळी हेडसेट लगेच काढा, 'थोडं सहन कर' म्हणू नका. आणि भिंगं उन्हाकडे करून खिडकीत ठेवू नका, आतला पडदा जळतो.